फियाट-अँबेसिडरची बॉडी फिरत्या स्टँडवर चढवताना

जुनी फियाट नाहीतर अँबेसिडर बघायला गेलं की माणूस आधी रंग बघतो, मग क्रोम, मग इंजिनचा आवाज ऐकतो. खरी गाडी पोटाखाली असते. फ्लोअरचा पत्रा, रनिंग बोर्डची (दाराखालच्या पोकळ पट्टीची) आतली बाजू, पुढच्या चेसिस लेगची (बॉडीचाच भाग असलेल्या, बंपर धरणाऱ्या तुळयांची) टोकं, मागचे पाटे अडकतात ते हँगर या जागी गंज बसलेला असतो आणि दुरुस्ती तिथूनच सुरू करावी लागते. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे इथंच वाढलेल्या गाड्या त्यातल्या त्यात बऱ्या निघतात. मुंबईहून आलेली पद्मिनी (नंतरची फियाट) मात्र खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभी राहिलेली असते. तिची खालची अवस्था स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही.

अशा गाडीखाली पाठीवर झोपून वेल्डिंग करायचं म्हणजे ठिणग्या अंगावर घ्यायच्या. टाका धड बसत नाही तो नाहीच, वर डोक्यावर अडीच-तीनशे किलोचा पत्रा असतो. म्हणून बॉडी पुढून-मागून दोन टोकांना धरून आडवी, तिरपी, वेळ पडली तर पूर्ण उलटी करता येईल असा फिरता स्टँड वापरतात. रिस्टोरेशनवाले त्याला रोटिसरी म्हणतात. लोखंड जाड घेतलं की काम सुरक्षित झालं असं समजणारे बरेच भेटतात. माझं ठाम मत असं की स्टँडच्या जाडीआधी दोन गोष्टी बघाव्यात: बॉडी आतून ताठ बांधली आहे का, आणि तिचा तोल नेमका कुठं आहे ते आपल्याला माहीत आहे का.

आधी ठरवा, फिरवायची गरज आहे का

फ्लोअरला दोन-चार ठिगळं लावायची असतील तर फिरत्या स्टँडच्या नादी लागू नका. चार मजबूत घोड्यांवर (गाडीखाली लावायच्या लोखंडी आधारांवर) गाडी कमरेएवढी उचलून स्टुलावर बसूनही ते काम होतं. पूर्ण फ्लोअर बदलायचा आहे, दोन्ही रनिंग बोर्ड गेलेत, खालचा सगळा जुना डांबरी थर खरवडून पत्रा उघडा करायचा आहे, तेव्हा रोटिसरीचा खर्च आणि खटाटोप वसूल होतो.

गाडी कोणत्या बांध्याची आहे तेही आधी बघा. पद्मिनी, तिच्या आधीची डुक्कर फियाट आणि अँबेसिडर या तिन्ही गाड्यांना वेगळी चेसिस नाही. बॉडीचा पत्राच सगळा भार घेतो, म्हणून या गाड्यांना फिरता स्टँड मानवतो. विलीस किंवा महिंद्राच्या जुन्या जीपला शिडीसारखी वेगळी चेसिस असते. तिचा टब बोल्ट काढून वर उचलला की चार जण मिळून तो घोड्यांवर कुशीवर ठेवू शकतात, रोटिसरी लागत नाही. स्टँडर्ड हेरल्डही वेगळ्या चेसिसची, पण तिची बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टनं जोडलेली. चेसिसवरून सुटली की ती ताठ राहत नाही, म्हणून तिला उचलायच्या आधीच आतून पाईप मारावे लागतात.

पुढचं सगळं पद्मिनी आणि अँबेसिडर डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

जागा

पद्मिनीची बॉडी साधारण तेरा फूट लांब. दोन्ही टोकांना स्टँड धरले की अठरा फूट लागतात. बाजूनं माणूस मोकळा फिरायला हवा, म्हणून रुंदी किमान बारा फूट धरा. सोलापुरात एवढी जागा म्हटलं की पूर्व भागातला एखादा बंद पडलेला पॉवरलूमचा शेड किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला भाड्याचा गाळा आठवतो. दोन्ही चालतील, पण आत शिरल्याबरोबर तीन गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट जमीन. आपल्याकडे निम्म्या शेडांत शहाबादी फरशी असते. फरशीखाली भर नीट दाबलेली नसेल तर ती मध्ये पोकळ राहते, आणि स्टँडच्या एका चाकावर शंभर किलो आले की तडकते. हातोडीच्या दांड्यानं ठोकून आवाज ऐका. पोकळ वाजली तर तिथं स्टँड उभा करू नका, किंवा खाली दोन सूत (पाव इंच) जाडीची लोखंडी प्लेट टाका. काळ्या मातीवरच्या शेडात जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात खचते. त्यामुळे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) धरून उतार बघून घ्या.

दुसरी गोष्ट छत. चेन पुली शेडच्या कैचीला (छत पेलणाऱ्या सांगाड्याला) टांगायचा मोह सगळ्यांना होतो. पत्र्याच्या शेडची कैची पत्रा आणि वारा पेलायला केलेली असते, तीनशे किलोचा लटकता भार पेलायला नाही. इंजिन उचलायची दोन टनी क्रेन भाड्यानं आणा, किंवा चार पायांची वेगळी गॅन्ट्री उभी करा.

तिसऱ्या गोष्टीकडे बाहेरून आलेला माणूस हमखास दुर्लक्ष करतो. लूमच्या शेडात कैच्यांवर, वायरींवर, भिंतीच्या फटींत सुताचा बारीक कचरा साठलेला असतो. ग्राइंडरची एक ठिणगी त्याला पुरते. काम सुरू करायच्या आधी सगळा शेड झाडून घ्या, वरच्या कैच्यासुद्धा. शेजारी लूम चालू असतील तर मधली दारं-खिडक्या पत्र्यानं बंद करा. एबीसी पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून एक पिंप कायम भरलेलं असू द्या आणि ते दुसऱ्या कशाला वापरू नका.

बॉडी रिकामी करणं

सगळ्यात आधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी. टाकी रिकामी दिसली तरी आतली वाफ पेट घेते, म्हणून ती पेट्रोलच्या पाईपांसकट गाळ्याबाहेर न्या. मग काचा, सीट, वायरिंग, डॅशबोर्ड, स्टिअरिंग कॉलम. प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावा आणि काढताना मोबाईलवर फोटो घ्या. सहा महिन्यांनी आठवणीवर विसंबून काहीही बसत नाही.

खालचे भाग काढताना दोन ठिकाणी जीव जपा. अँबेसिडरच्या पुढच्या सस्पेन्शनला टॉर्शन बार असतो. पीळ भरलेला हा गज ताण न सोडवता खोलला तर पाना हातातून उडतो. पद्मिनीच्या पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंग असते, ती स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय काढू नका. दोन्ही कामं पूर्वी केलेला मिस्त्री सोबत असू द्या. ब्रेकचे जुने लायनर काढताना हवेनं फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ओल्या फडक्यानं पुसून फडकं पिशवीत बांधून टाका.

इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल उतरले की उरलेली बॉडी विटांवर किंवा सिमेंटच्या ब्लॉकवर ठेवायची नाही. वीट वरून दिसायला भक्कम असते आणि भार एका कडेला आला की क्षणात फुटते. नुसत्या जॅकवरही नाही. चार घोडे, प्रत्येक किमान दोन टनाचा, आणि घोड्याच्या डोक्यावर लाकडी फळी.

आतून पाईप मारणं

या टप्प्याला घाई करू नका. दोन दिवस जास्त गेले तरी चालतील.

दारं निघाली, फ्लोअर सडलेला, रनिंग बोर्ड पोकळ, अशा बॉडीत ताठपणा उरलेला नसतो. ती दोन टोकांना धरून उचलली की मध्ये झोळ पडतो. नवीन पत्रा त्या झोळातच वेल्ड झाला की झोळ कायमचा. पुढं दार बसवताना वरची फट दोन मिलिमीटर, खालची आठ, आणि दाराला कितीही ठोकलं तरी उपयोग नाही, कारण चूक दारात नसतेच.

म्हणून क्रम असा ठेवा. गाडी अजून स्वतःच्या चाकांवर आहे आणि दारं जागेवर आहेत, तेव्हाच, म्हणजे वर सांगितलेले अ‍ॅक्सल उतरवण्याआधीच, दारांच्या फटी मोजून कागदावर लिहा. बिजागऱ्या झिजल्या असतील तर आधी त्या नीट करून दार सरळ बसवा, मग मोजा. त्यानंतर दारं काढा आणि प्रत्येक दाराच्या चौकटीची दोन तिरपी मापं घ्या: वरच्या पुढच्या कोपऱ्यातून खालच्या मागच्या कोपऱ्यात, आणि उलट. माप जिथून घेतलं तिथं पत्र्यावर सेंटर पंचची खूण करा. नुसत्या खडूच्या खुणेनं पुढच्या वेळी दोन मिलिमीटर इकडे-तिकडे होतात. डाव्या आणि उजव्या चौकटीची मापं एकमेकांशी ताडून बघा. एका बाजूला फरक जास्त असेल तर गाडी पूर्वी कुठंतरी धडकलेली आहे आणि ते आत्ताच कळलेलं बरं.

आता २५ बाय २५ चा, २ मिमी जाडीचा स्क्वेअर पाईप घ्या. प्रत्येक दाराच्या चौकटीत एक आडवा आणि एक तिरपा. डाव्या मधल्या खांबापासून उजव्या मधल्या खांबापर्यंत एक. डॅशबोर्डच्या खाली पुढच्या दोन खांबांमध्ये एक. मागच्या सीटच्या पाठीमागे फुलीच्या आकारात दोन. डुक्कर फियाटची पुढची दारं उलटी, मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दोन्ही दारांचा भार मधल्या खांबावर येतो. त्या गाडीत मधला खांब तळाशी सडलेला असण्याची शक्यता धरूनच चाला आणि तिथं एक पाईप जास्त मारा.

पाईप थेट पातळ पत्र्याला चिकटवू नका. बॉडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आत-बाहेर असतो, रॉडच्या वेल्डिंगनं त्याला लगेच भोक पडतं. आधी जाडसर पट्टीचा हातभर लांब नव्हे, बोटभर तुकडा सीओटू वेल्डिंगनं पत्र्यावर बसवा आणि पाईप त्या तुकड्याला जोडा. पुढं काढतानाही तुकडाच कापायचा, पत्रा शाबूत राहतो. आणि पाईप जिथून आज जातो आहे तिथून उद्या तुम्हाला ग्राइंडर घालायचा आहे का, हे एकदा आत बसून बघा. नव्या फ्लोअरचा पत्रा आत न्यायला वाट राहिली पाहिजे.

सगळे पाईप लागले की तिरपी मापं पुन्हा घ्या. मूळ मापाशी एक मिलिमीटरचा फरक ठीक. तीन मिलिमीटर असेल तर टाके तोडून पुन्हा.

स्टँड बनवताना

तयार रोटिसरी मिळते, पण सोलापुरात ती बनवून घेणं सोपं आहे. इथले टर्नर आणि फॅब्रिकेटर लूमची कामं करत मोठे झालेत. लूमवरचं सुताचं बीम दोन टोकांना टेकून कसं फिरतं, आणि ते वाकडं भरलं तर कसा झटका देतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला फिरत्या स्टँडची गोम दोन वाक्यांत कळते.

फ्रेमसाठी ६० बाय ६० चा, ४ मिमी जाडीचा स्क्वेअर पाईप पुरतो. मीटरला साडेसहा-सात किलो भरतो. दोन्ही स्टँड, मधला जोड-पाईप आणि प्लेटा धरून सव्वाशे-दीडशे किलो लोखंड लागेल. पायाची रुंदी चार फुटांपेक्षा कमी नको. उभ्या खांबाला दोन्ही दिशांनी तिरपे आधार द्या, नुसत्या कोपऱ्याच्या वेल्डिंगवर खांब उभा ठेवू नका. दोन स्टँड तळाशी एका लांब पाईपानं एकमेकांना जोडलेले हवेत. हा पाईप वाटेत येतो म्हणून काही जण काढून टाकतात. मग स्टँड एकमेकांपासून सरकायला किंवा आत कलायला मोकळे होतात आणि त्यांना धरून ठेवण्याचं काम बॉडीवर येतं.

फिरण्याची उंची किती ठेवायची? पद्मिनी पावणेपाच फूट रुंद. फिरण्याच्या आसापासून बॉडीचा सगळ्यात लांबचा कोपरा जेवढ्या अंतरावर, त्यात वितभर मोकळी जागा मिळवायची. पद्मिनीला हे साधारण ११० सेंटिमीटर येतं, अँबेसिडर साडेपाच फुटांच्या आसपास रुंद असल्यानं तिला १२० धरा. पण आकड्यावर भरवसा न ठेवता दोरी लावून मोजा.

आसासाठी ५० मिमीचा शाफ्ट आणि यूसीपी २१० बेअरिंग घेतलं की झालं. वेग नसतो, त्यामुळे एकात एक बसणारे दोन जाड पाईप ग्रीस भरून वापरले तरी चालतात. शाफ्टवर ३०० मिमी व्यासाची, १० मिमी जाडीची गोल प्लेट वेल्ड करून तिच्या कडेला दर १५ अंशांवर एक अशी २४ भोकं पाडून घ्या. स्टँडच्या खांबातून १६ मिमीची पिन या भोकात जाते आणि बॉडी त्या कोनात अडकते. अशी प्लेट आणि पिन दोन्ही स्टँडना हवी. एकाच टोकाला अडकवली तर दुसऱ्या टोकाचा सगळा पीळ बॉडीतून जातो, आणि फ्लोअर कापलेल्या बॉडीला तो पीळ सोसत नाही. घर्षणावर चालणारा, बोल्ट आवळून धरणारा ब्रेक सोबतीला असू द्या, पण फक्त त्याच्यावर काम करू नका.

बॉडीला धरणारा हात शाफ्टपासून वर-खाली सरकवता आला पाहिजे. उभ्या पाईपात दर २५ मिमीवर भोक, म्हणजे तोल साधताना इंच-इंच हलवता येतं. डावी-उजवीकडेही थोडी सरकण्याची सोय ठेवा.

बॉडी चढवण्याआधी स्टँडची परीक्षा घ्या. तीनशे किलोच्या बॉडीचा दीडपट भार म्हणजे साडेचारशे, एका स्टँडच्या वाट्याला सव्वादोनशे. सिमेंटची पन्नास किलोची गोणी सगळीकडे मिळते. हाताला मजबूत पट्ट्यानं साडेचार गोण्या टांगा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. खांब किती वाकला ते ओळंबा सोडून बघा, मग गोण्या उतरवून तो जागेवर परत आला का ते बघा. वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवा. ‘काही होत नाही अण्णा, ट्रक उचलेल हा,’ असं फॅब्रिकेटर म्हणाला तरी गोण्या टांगाच.

चढवणं

स्टँडचे हात बॉडीला कुठं धरायचे? पुढं बंपरचे ब्रॅकेट ज्या चेसिस लेगवर बसतात तिथं, मागं बंपरचे ब्रॅकेट किंवा पाट्यांचे मागचे हँगर. ही मूळ भार घेणारी ठिकाणं आहेत. ती आधी तपासा: रंग खरवडा, हातोडीनं ठोका, टोकदार टोच्यानं दाबा. टोक आत गेलं तर ती जागा घोड्यांवर असतानाच दुरुस्त करा. सडक्या लेगला बोल्ट लावून बॉडी उचलू नका, हा नियम एकदाही मोडू नका.

बोल्ट १२ मिमीचे, डोक्यावर ८.८ ही ताकदीची खूण कोरलेले. प्रत्येक लेगला कमीत कमी दोन, मागे ६ मिमीची प्लेट आणि नायलॉक नट. भंगारातून उचललेले विनाखुणेचे बोल्ट इथं नकोत. दहा-वीस रुपयांच्या बोल्टवर तीनशे किलो टांगलेले असतात.

उचलताना एक टोक क्रेनवर, दुसरं घोड्यांवर. एकदम दोन्ही टोकं हवेत नकोत. पुढचा स्टँड लावला, बोल्ट हातानं आवळले, मग मागचा. दोन्ही बेअरिंगांची उंची लेव्हल ट्यूबनं जुळवा, आणि एका शाफ्टच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत दोरा ताणून ते एका रेषेत आहेत का बघा. इथं वाकडेपणा राहिला तर बॉडी प्रत्येक फेरीत थोडी वाकते आणि थोडी सुटते, आणि सांधे हळूहळू ढिले होतात. सगळं जुळल्यावर बोल्ट पूर्ण आवळा, स्टँडची चाकं लॉक करा, तळाच्या लेव्हल बोल्टवर (उंची कमी-जास्त करणाऱ्या बोल्टवर) स्टँड उचलून चाकं मोकळी करा. त्यानंतरच खालचे घोडे काढायचे, तेही एका दमात नाही. आधी घोडे एक इंच खाली करा, बॉडी तशीच दहा मिनिटं लटकू द्या, तिरपी मापं पुन्हा घ्या.

तोल

बॉडीचं वजन ज्या बिंदूत एकवटलेलं मानतात तो बिंदू आणि फिरण्याचा आस यांच्यात अंतर असेल तर त्या अंतराच्या प्रमाणात बॉडी उलटू पाहते. हिशोब सोपा आहे. ३०० किलोची बॉडी, अंतर १५ सेंटिमीटर, तर बॉडी कुशीवर आडवी (९० अंशांवर) असताना एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला ४५ किलोचा जोर लागतो. दोन माणसांनाही तो झेपत नाही, आणि हात सुटला तर दांडा माणसाच्या जबड्यावर येतो. अंतर २ सेंटिमीटरवर आणलं की जोर ६ किलो, एका हाताचं काम.

हे अंतर मोजायची पद्धत अशी. शाफ्टला एक मीटर लांबीचा पाईप काटकोनात घट्ट बसवा. गोण्या तोलायचा हुकाचा डिजिटल काटा घ्या. एक माणूस पुढं, एक मागं, दोघांनीही बॉडीला हात लावून धरायचं, तिसऱ्यानं पिना काढायच्या. बॉडी अगदी थोडी, पाच अंश, कलती करा. ती आपणहून परत सरळ येत असेल तर वजन आसाच्या खाली आहे, ठीक. ती त्याच बाजूला पुढं जाऊ लागली तर वजन आसाच्या वर आहे. लगेच सरळ करून पिना घाला आणि हाताची भोकं बदलून बॉडी खाली घ्या.

परत येणारी बॉडी मिळाली की ३० अंशांवर न्या आणि मीटरभर दांड्याच्या टोकाला काटा अडकवून दांड्याशी काटकोनात ओढा. काट्यावर येईल त्याच्या दुप्पट जोर ९० अंशांवर लागणार. ३० अंशांवर ६ किलो आले म्हणजे पूर्ण आडवी करताना १२ किलो. तीनशे किलोला भागलं तर अंतर ४ सेंटिमीटर. एक भोक, म्हणजे अडीच सेंटिमीटर, बॉडी वर घ्या आणि पुन्हा मोजा. शून्यावर आणायच्या मागे लागू नका. वजन आसाच्या एक-दोन सेंटिमीटर खाली राहिलं की बॉडी सरळ असताना शांत असते.

सरळ असताना, हे महत्त्वाचं. तीच बॉडी पूर्ण उलटी केली की खालचं वजन वर जातं आणि ती परत फिरायला बघते. म्हणून उलट्या बॉडीजवळ पिना घातल्याशिवाय कोणी उभं राहायचं नाही.

तोल एकदा साधला म्हणजे कायमचा साधला असंही नाही. फ्लोअरचा सडका पत्रा २५ किलोचा धरा आणि तो वजनाच्या बिंदूपासून ४५ सेंटिमीटर खाली आहे असं समजा. तो कापून काढला की उरलेल्या बॉडीचं वजन ४ सेंटिमीटर छताकडे सरकतं. काल आसाच्या दोन सेंटिमीटर खाली असलेला बिंदू आज दोन सेंटिमीटर वर गेला. सकाळी पिन काढल्यावर बॉडी जशी वागली तशी संध्याकाळी वागणार नाही. मोठा तुकडा काढला किंवा लावला की पिना काढण्याआधी पाच अंशांची परीक्षा पुन्हा घ्या, दर वेळी.

फिरवताना

दोन माणसं, दोन टोकांना, आणि आवाज एकाचाच. ‘पिन काढतो’, ‘फिरव’, ‘थांब’, ‘पिन बसली’, एवढेच शब्द, मोठ्यानं. सैल शर्ट, गळ्यातला गमछा, हातातलं कडं आधी काढून ठेवा. बॉडीत विसरलेला पाना किंवा सुटा बोल्ट उलटताना डोक्यात पडतो, म्हणून फिरवण्याआधी आत एकदा हात फिरवा. एका वेळी तीस अंश, थांबा, बघा, पुढं. लहान मुलं आणि बघायला आलेली मंडळी या वेळी शेडच्या बाहेर. बॉडी तिरपी असताना स्टँड ढकलून जागा बदलायची नाही. शहाबादी फरशीच्या सांध्यात चाक अडकलं की सगळा तोल एका बाजूला जातो.

कापताना आणि जोडताना

एका वेळी एकच बाजू. डावा रनिंग बोर्ड पूर्ण कापून, नवा बसवून, मापं ताडून झाल्याशिवाय उजव्याला हात नको. वेल्डिंगची अर्थिंगची वायर कामाच्या जागेपासून वितभर अंतरावर, बॉडीलाच लावा. स्टँडला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्या खराब होतात. लांब सरळ टाका एकदम ओढू नका, पत्रा तापून कुरळा होतो. इथं एक, तिथं एक असे टिपके देत जा. खालचा डांबरी थर वेल्डिंगच्या जागेपासून वितभर तरी खरवडून काढा, तो पेटतो आणि धूरही करतो. टाका विझल्यावर अर्धा तास शेड सोडू नका.

चेसिस नंबर जिथं कोरला आहे किंवा जी प्लेट आहे तिथं ग्राइंडर, वेल्डिंग, स्टँडचा बोल्ट यांतलं काहीही नको. ती जागा मास्किंग टेप लावून झाका आणि आधीच स्पष्ट फोटो काढून ठेवा. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात ठेवलेल्या दुचाकी-चारचाकींची व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी होते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेली गाडी त्यात बसत नाही. सडलेल्या पत्र्याजागी त्याच आकाराचा पत्रा बसवताना आधीचे आणि नंतरचे फोटो जपून ठेवा, आरटीओत विचारणा झाली तर हाताशी असतील.

उघडा पत्रा फार दिवस तसाच ठेवू नका. सोलापूर कोरडं म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना सप्टेंबरचा परतीचा पाऊस गाठतो, आणि दोन रात्रींत पत्रा तांबूस होतो. कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेच्या बेचाळीस अंशांत पत्र्याच्या शेडाखाली प्रायमर बंदुकीतून सुटून पत्र्यावर पोचेपर्यंत सुकतो आणि खरखरीत बसतो. तेव्हा पहाटे काम करा, सावकाश सुकणारा थिनर घ्या. हार्डनरवाला रंग मारताना साधा कापडी मास्क चालत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क नसेल तर ते काम पेंट बूथवाल्याकडे द्या.

खाली उतरवणं

नवा फ्लोअर आणि रनिंग बोर्ड लागले, खालचा प्रायमर आणि कोटिंग सुकलं, की आतले पाईप लगेच कापायची घाई होते. थांबा. बॉडी सरळ करून पिना घाला, घोडे पुन्हा खाली लावा, एकेक स्टँड सोडवा. सस्पेन्शन आणि चाकं बसवा. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली की जुनी तिरपी मापं काढून ताडून बघा. मग पाईप जागेवर असतानाच, जिथं बसेल तिथं एक दार बिजागरीला टांगून वरची-खालची फट बघा. दाराच्या वाटेत येणारा पाईप आधी कापा, बाकीचे राहू द्या. चारही दारं नीट मिटायला लागली की मधले आडवे पाईप काढा, आणि डॅशबोर्डखालचा सगळ्यात शेवटी.

पट्टीचे तुकडे कापल्यावर उरलेली खुंटं ग्राइंडरनं सपाट करा. त्या जागांच्या मागच्या बाजूला वेल्डिंगनं रंग जळालेला असतो, तिथंही ब्रश पोचवून प्रायमर लावा. दाराच्या खांबाच्या आत हात पोचत नाही, तिथं लांब नळीच्या स्प्रेनं मेण सोडा.